प्राणवायू : कोणाला, केव्हा आणि किती?

एप्रिल २०२१ मध्ये वाराणसीसह देशभर सिलिंडरसाठी जी धावपळ झाली, तिने जनमानसात एक समज दृढ केला : दम लागला की प्राणवायू द्यावा. पूर्वांचल व पश्चिम बिहारमधून काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात येणाऱ्या, विडीच्या वा चुलीच्या धुराने फुप्फुसे जर्जर झालेल्या दीर्घकालीन रुग्णांबाबत मात्र हा समज अपुरा ठरतो.

दम लागणे आणि रक्तात प्राणवायू कमी असणे या दोन भिन्न बाबी आहेत. सीओपीडीमध्ये आकुंचित श्वासनलिकांमुळे हवा आत अडकते. प्राणवायू पुरेसा असूनही धाप लागते. तेथे इनहेलर व व्यायाम अधिक उपयोगी ठरतात. घरी दीर्घकाळ प्राणवायू देण्याचा निकष निश्चित आहे : प्रकृती स्थिर असताना, विश्रांतीच्या अवस्थेत धमनीतील प्राणवायूचा दाब ५५ मिलिमीटर पारा किंवा त्याहून कमी, अथवा संपृक्तता ८८ टक्के किंवा त्याखाली असावी. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आला असल्यास किंवा रक्त दाट झाले असल्यास ही दाबमर्यादा ६० पर्यंत शिथिल होते.

ब्रिटनमधील १९८१ च्या अभ्यासात अशा रुग्णांना रोज किमान १५ तास प्राणवायू दिल्याने मृत्यू घटले. याउलट, संपृक्तता मध्यम प्रमाणात घटलेल्या रुग्णांना त्याचा लाभ होत नसल्याचे २०१६ मध्ये अमेरिकेत आढळले.

आता खर्चाचा विचार करू. मिनिटाला २ लिटर या वेगाने १५ तासांस १,८०० लिटर लागतात. ७ घनमीटरचा सिलिंडर चार दिवसही पुरत नाही. ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या अरुंद गल्ल्यांत, जेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदत आली, तो वाहून नेणे हाच एक स्वतंत्र खर्च! सुमारे ३५० वॉटचे कॉन्सन्ट्रेटर महिन्याला १५७ युनिट वीज घेते. युनिटला ६ रुपये धरल्यास साडेनऊशे रुपयांच्या आसपास. हा भार वर्षानुवर्षे सोसावयाचा असतो. शिवाय वीज गेली की यंत्र थांबते आणि पर्यायी सिलिंडर लागतोच.

काही रुग्णांत अतिरिक्त प्राणवायूने कार्बन डायऑक्साइड साचून ग्लानी येते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना वेग वाढवू नये. यंत्राजवळ विडी किंवा चूल पेटवणे तर जिवावर बेतू शकते.

पीएम केअर्स निधीतून २०२१ मध्ये १ लाख कॉन्सन्ट्रेटरना मंजुरी मिळाली. अशी यंत्रे गरजूंपर्यंत पोहोचण्यासाठी फेरतपासणी अत्यावश्यक आहे. आजार बळावल्यानंतर प्राणवायूसह घरी गेलेल्या रुग्णाची दोन-तीन महिन्यांत पुन्हा मोजणी व्हावी. अनेकांची गरज तोवर संपलेली असते, आणि ते यंत्र दुसऱ्या घरी देता येते.