आज्ञार्थी वाक्य आणि संगणकातील तात्पुरत्या फाइली

संगणकावर प्रकल्प लिहिताना तुम्ही एकच फाइल जतन करता. संगणक मात्र तुमच्या नकळत इतरही अनेक फाइली निर्माण करीत असतो. वीज गेल्यास मजकूर हाती राहावा म्हणून ठेवलेली प्रत, छपाईच्या रांगेतील मजकूर, संकेतस्थळावरून आलेली चित्रे या अशा तात्पुरत्या फाइली होत. काम संपल्यावर त्या नाहीशा व्हाव्यात अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात पुष्कळशा मागे राहून जागा अडवतात. त्या पुसण्यासाठी क्रमवार लिहिलेल्या आज्ञांच्या मजकुरास 'स्क्रिप्ट' म्हणतात.

समजा, गंगाखेडच्या एका विद्यार्थिनीने संत जनाबाईंच्या अभंगांतील क्रियापदांवर प्रकल्प घेतला आहे. संगणक केंद्रात बसून तिने ईमेलसोबत आलेली फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये न उतरवता थेट उघडली आणि दोन तास दुरुस्त्या केल्या. अशा रीतीने उघडलेली फाइल बहुधा तात्पुरत्या फोल्डरात असते आणि 'सेव्ह' केल्यावर तेथेच राहते. दुसऱ्या दिवशी केंद्रचालकाने स्क्रिप्ट चालविली, की ते काम गेले. आज्ञेच्या ओळीतून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्येही सापडत नाही.

येथे दोष संगणकाचा नसून वाक्याचा आहे. घरात आपण "ते काढून टाक" म्हणतो, तेव्हा 'ते' म्हणजे काय हे ऐकणारा प्रसंगावरून ठरवितो आणि शंका आल्यास विचारतो. संगणकाला प्रसंग ठाऊक नसतो. स्क्रिप्टमध्ये फोल्डरच्या नावाची जागा रिकामी राहिली, तर उरलेल्या चिन्हांचा अर्थ 'मुळापासून सर्व काही' असाही होऊ शकतो. लिनक्सवरील स्टीम या खेळांच्या प्रणालीत असा दोष असल्याचे जानेवारी २०१५ मध्ये उघडकीस आले. त्यात वापरकर्त्याच्या खासगी फाइली पुसल्या गेल्या होत्या. त्याआधी २०११ मध्ये बंबलबी या आज्ञावलीच्या स्क्रिप्टमध्ये एक मोकळी जागा जास्तीची पडली. त्यामुळे एका मार्गाचे दोन मार्ग झाले आणि त्यांतील पहिला, म्हणजे 'यूएसआर' हे प्रणालीचे महत्त्वाचे फोल्डरच, नष्ट झाला. शब्दयोगी अव्यय तोडून लिहिले म्हणून आम्ही परीक्षक अर्धा गुण कापतो, ती शिक्षा त्यामानाने सौम्यच म्हणायची!

देवनागरीत फाइलींना नावे देणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. 'कच्चा' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. संगणकासाठी त्यात पाच संकेत आहेत : क, च, हलन्तचिन्ह, च आणि काना. विंडोजची स्क्रिप्ट जुन्या 'आन्सी' संकेतनात जतन केल्यास त्यात देवनागरी मावत नाही आणि प्रत्येक संकेताच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. पुसण्याच्या आज्ञेत प्रश्नचिन्हाचा अर्थ 'कोणतेही एक चिन्ह' असा आहे. म्हणजे "कच्चा नावाची फाइल पूस" ही आज्ञा "पाच किंवा त्याहून कमी चिन्हांच्या नावाची, त्याच प्रकारची कोणतीही फाइल पूस" अशी होऊन बसते. चार संकेतांची 'अभंग' ही फाइलही मग तिच्याबरोबर जाते. म्हणून स्क्रिप्टमध्ये देवनागरी नावे लिहूच नयेत. फाइलीचे स्थान आणि वय यांवरून तिची ओळख पटवावी.

स्थान म्हणजे तात्पुरत्या फोल्डरचा पूर्ण मार्ग. तो रिकामा असल्यास स्क्रिप्टने तेथेच थांबावे, अशी अट आरंभीच घालावी. वयाची अट म्हणजे शेवटचा बदल सात दिवसांपूर्वीचा असणे. एखादी फाइल वापरात असल्यामुळे पुसता येत नाही असे विंडोजने सांगितले, तर ती तशीच सोडून पुढे जावे.

यानंतरची पायरी मराठी व्याकरणाच्या विद्यार्थ्यास परिचित वाटेल. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये पुसण्याच्या आज्ञेला 'व्हॉटइफ' हा शब्द जोडता येतो. तो जोडला असता संगणक काहीही पुसत नाही. आज्ञा खरोखर दिली असती, तर कोणत्या फाइली गेल्या असत्या, एवढीच यादी दाखवितो. आज्ञार्थाचा असा संकेतार्थ होतो. ती यादी शेवटपर्यंत वाचावी आणि मगच तो शब्द काढून आज्ञा पुन्हा द्यावी. गंगाखेडच्या विद्यार्थिनीची फाइल सात दिवसांच्या अटीमुळे या यादीत आलीच नसती. तरीही तिने ती आजच स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवावी. आठवडा उलटला, की तिचे नाव यादीत येईल.