मिनिटाला तीन लिटर

१९७० साली शेव्हरलेने शेव्हेल एसएस या गाडीत एलएस-६ नावाचं इंजिन बसवलं. ४५४ घन इंच, म्हणजे जवळपास साडेसात लिटर, आणि कंपनीच्या कागदावर ४५० अश्वशक्ती. वर होली कंपनीचा चार बॅरलचा कार्बोरेटर. अमेरिकेतल्या गॅरेजांमध्ये हौशी माणसं आजही असली इंजिनं उतरवतात, नवे कॅमशाफ्ट आणि हेड घालतात आणि ६०० अश्वशक्तीपर्यंत नेतात. मग कौतुक होतं ते कॅमशाफ्टचं. पेट्रोलचे पाइप, पंप आणि टाकी यांची पाळी शेवटी येते, उरल्यासुरल्या पैशांत. माझ्या मते मात्र पहिला कागद पेट्रोलच्या याच वाटेसाठी हाती घ्यायला हवा, आणि आखणी कार्बोरेटरपासून सुरू करून टाकीकडे मागे मागे जायला हवी.

हिशेब सोपा आहे. पूर्ण जोरात चालणारं पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल घेतं. ६०० अश्वशक्तीला ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो. लिटरमध्ये ते १८४ च्या आसपास भरतं: मिनिटाला तीन लिटर, सेकंदाला ५० मिलीलिटर. होलीच्या ४१५० मालिकेत, जी १९५७ पासून चालत आली आहे, पुढे-मागे दोन फ्लोट चेंबर असतात. त्यांत या वेगाने जेमतेम काही सेकंदांचा साठा मावतो. तो संपला आणि मागून भर आली नाही, की मिश्रण लीन होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही.

मग मोठा पंप लावून दाब वाढवावा, असं वाटेल. इथेच कार्बोरेटर आडवा येतो. फ्लोट चेंबरचं काम गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखं आहे: पातळी वर आली की फ्लोट उचलला जातो आणि नीडल आपल्या सीटवर दाबून बसते. होलीला सहा-सात पीएसआय दाब मानवतो. त्याहून बराच जास्त दिला तर फ्लोटला नीडल धरून ठेवता येत नाही आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो. चाकात आपण तीस-बत्तीस पीएसआय हवा भरतो, त्यावरून हा दाब किती थोडा आहे ते कळेल. इतक्या थोड्या दाबावर मिनिटाला तीन लिटर पोचवायचे, तर वाटेतला प्रत्येक अरुंद कोन, प्रत्येक तुंबलेला फिल्टर हिशेबात धरावा लागतो.

आणि गाडी उभी नसते. ड्रॅग स्ट्रिपवर चांगले टायर असलेली गाडी सुटते तेव्हा त्वरण एक जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या, आसपास जातं. टाकी मागे, इंजिन पुढे, मधला पाइप चार मीटरचा. त्या क्षणी पाइपातलं सगळं पेट्रोल मागे ओढलं जातं. चार मीटर उंच उभ्या पाइपात पेट्रोल चढवायला जेवढा दाब लागेल तेवढा इथे आडव्या पाइपात खर्ची पडतो: चार पीएसआयहून थोडा जास्त. दाब ठरवणारा रेग्युलेटर टाकीपाशी सात पीएसआयवर लावलेला असेल, तर पुढे तीनही धड उरत नाहीत. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर हा दोष दिसतच नाही.

इंजिनावरचा मूळचा मेकॅनिकल पंप याहून बिकट जागी असतो, कारण तो पेट्रोल ओढतो. वातावरणाचा दाब १४.७ पीएसआय, त्यातून वरचे चार वजा केले की पंपाच्या तोंडाशी दहा-साडेदहा राहतात. उन्हाळी पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंशांना नऊ पीएसआयच्या जवळ असतो. बॉनेटखाली तापमान याहून बरंच वर जातं, आणि पेट्रोल पाइपातच उकळतं. मेकॅनिक ज्याला एअर लॉक म्हणतात, ती बहुतेकदा अशी पेट्रोलची वाफ असते.

म्हणून जाणकार इलेक्ट्रिक पंप मागे, टाकीलगत आणि खाली बसवतात, म्हणजे त्याला ओढावं लागत नाही, फक्त ढकलावं लागतं. पंप चौदा-पंधरा पीएसआयने ढकलतो, पाइप अर्ध्या इंचाचा असतो आणि रेग्युलेटर कार्बोरेटरच्या शेजारी, जिथे दाब खरोखर हवा तिथे. बायपास रेग्युलेटर असेल तर जादा पेट्रोल परतीच्या पाइपाने टाकीत जातं. पेट्रोल सतत फिरत राहिल्याने बॉनेटखाली तापत पडत नाही. टाकीतली नळी मागच्या बाजूला हवी, कारण सुटताना पेट्रोल तिकडेच धावतं. टाकीला हवेची वाट मोकळी हवी, कारण मिनिटाला तीन लिटर बाहेर गेले की तेवढी हवा आत यायलाच हवी. आणि इंजिन बंद पडताच पंपाची वीज तोडणारा स्विच हवाच हवा. अपघातानंतर चालू राहिलेला पंप फुटलेल्या पाइपातून पेट्रोल ओतत राहतो. पैसे वाचवायला ही जागा नव्हे.

पेट्रोलच्या या वाटेत रबरी नळ्याही असतात, आणि त्यांचा प्रश्न आपल्या जुन्या गाड्यांनाही लागू आहे. भारतात आता पेट्रोल पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि जुन्या काळचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. ते फुगतं, मऊ होतं, त्याचे कण सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये बसतात. नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात.

पंपाच्या खोक्यावरचा प्रवाहाचा आकडा बऱ्याचदा मोकळ्या तोंडाचा असतो. दाबावर प्रवाह घटतो, बॅटरीचा व्होल्टेज उतरला की आणखी घटतो. म्हणून शेवटची परीक्षा रस्त्यावर. दाबाचा गेज केबिनच्या बाहेर, काचेपुढे बसवतात, म्हणजे पेट्रोल आत यायला नको. पूर्ण थ्रॉटल देऊन वरच्या गिअरपर्यंत जायचं आणि सुई बघायची. ती साडेसहावरून चारवर उतरली, तर कार्बोरेटरला हात लावू नये. आधी फिल्टर, मग पाइपाचा व्यास, मग पंपाच्या वायरवरचा व्होल्टेज तपासावा.