सहलीतील संयम : व्यसनमुक्त रुग्ण आणि त्याचे सोबती



व्यसनमुक्तीचे उपचार पूर्ण करून रुग्ण घरी जावयास निघतो, तेव्हा त्याचे नातेवाईक हिशेब पुरा करण्यासाठी कार्यालयात येतात. औषधांविषयीच्या शंका त्यांनी डॉक्टरांना विचारलेल्या असतात. आमच्या टेबलापाशी निघतात ते संसारातले प्रश्न. 'पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न गोव्याला आहे, ह्यांना न्यावे का?' 'कचेरीची सहल आहे, नाही म्हटले तर साहेबांना काय वाटेल?' 'वर्गमित्र माळशेजला निघालेत, एकट्याला पाठवू का?' वार्षिक अहवालात आकड्यांचीच गर्दी असते. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा असल्याने त्याला ती प्रियही आहे. तथापि देणगीदारांच्या पैशातून झालेला उपचार पुढे टिकतो की नाही, हे बरेचदा अशाच एखाद्या तीन दिवसांच्या सहलीत ठरते. म्हणून या वर्षी ही काही पाने त्या विषयास दिली आहेत. औषधयोजना हा अर्थातच डॉक्टरांचा प्रांत आहे. येथे लिहिले आहे ते व्यवस्थेविषयी.

घरी संयम पाळणारा माणूस सहलीत का घसरतो? दुर्बल इच्छाशक्ती हे त्याचे लोकप्रिय उत्तर आहे आणि ते अपुरे आहे. अनेक वर्षांच्या मद्यपानाने मेंदूत मद्याची सांगड विशिष्ट स्थळाशी, वेळेशी, मित्रांशी, अगदी चखण्याच्या वासाशीही पडलेली असते. उपचारानंतर घरी नवी दिनचर्या बसते : ठरल्या वेळी जेवण, गोळ्या, संध्याकाळचे फिरणे, गटाची बैठक. सहलीत ही चौकट एका दिवसात मोडते. जेवण रात्री अकराला, झोप दोनला, गोळ्यांची पिशवी दुसऱ्याच गाडीत. भूक, थकवा, राग आणि एकटेपण या चारही अवस्थांत तलफ बळावते. सहलीत त्या एकाच संध्याकाळी गोळा होऊ शकतात. अॅलन मार्लाट व ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ साली पुनर्व्यसनाच्या प्रतिबंधावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात खिन्न मनःस्थिती, भांडणतंटा आणि इतरांचा आग्रह ही घसरण्याची प्रमुख निमित्ते म्हणून मांडली आहेत. तिसऱ्या निमित्तात आपला समाज विशेष निपुण आहे, हे मान्य करावयास हवे. 'आज बसायचे का?' असे कोणी विचारले तर काय घेऊन बसायचे, हे आपल्याकडे सांगावे लागत नाही.

या संदर्भात दोन प्रवासांची हकिकत सांगण्याजोगी आहे. दोन्ही १९३५ सालच्या, अमेरिकेतल्या. न्यूयॉर्कचे बिल विल्सन हे शेअर बाजाराशी संबंधित गृहस्थ. डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयात दाखल होऊन त्यांनी मद्य सोडले होते. मे महिन्यात एका कंपनीवरील नियंत्रणाच्या व्यवहारासाठी ते ओहायो राज्यातील अॅक्रन शहरी गेले. व्यवहार फसला, सहकारी परतले आणि विल्सन मेफ्लॉवर हॉटेलात जवळजवळ रिकाम्या खिशाने एकटे राहिले. शनिवारची संध्याकाळ होती. दालनाच्या एका बाजूस मद्यगृह, तेथून हास्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूस दूरध्वनी व शहरातील चर्चची यादी. मद्यगृहात जाऊन नुसते आल्याचे पेय घ्यावे आणि चार माणसांत बसावे, असा मोह त्यांना झाला. मग त्यांनी यादीतील एका धर्मगुरूंना दूरध्वनी केला. आपल्यासारख्याच एखाद्या मद्यासक्ताशी बोलणे हाच आपल्या बचावाचा मार्ग आहे, हे त्यांच्या ध्यानी आले होते. या खटपटीतून दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदांशी त्यांची भेट झाली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते. संभाषण काही तास चालले.

दुसरा प्रवास या डॉक्टरांचा. विल्सन यांच्या सहवासात त्यांनी मद्य सोडले, आणि थोड्याच आठवड्यांत ते वैद्यकीय अधिवेशनासाठी अटलांटिक सिटीला निघाले. एकटेच. आगगाडीत बसताच त्यांनी पिण्यास आरंभ केला आणि काही दिवसांनी पूर्णपणे ढासळलेल्या अवस्थेत ते घरी परतले. त्यानंतर मात्र त्यांनी मद्य पुन्हा घेतले नाही. त्यांच्या अखेरच्या पेल्याची तारीख परंपरेने १० जून १९३५ मानली जाते आणि तोच 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या जगभर पसरलेल्या संघटनेचा स्थापनादिन होय. डॉक्टर १९५० साली निवर्तले.

विल्सन निश्चयाचे पक्के आणि स्मिथ कच्चे, असा अर्थ यातून काढणे योग्य होणार नाही. स्मिथ पुढे पंधरा वर्षे मद्यापासून दूर राहिले. विल्सन यांनी तलफ आली त्या क्षणी दुसऱ्या माणसाचा शोध घेतला. स्मिथ यांच्या प्रवासात मात्र सोबत नव्हती आणि सोडून फार दिवसही झाले नव्हते. आपल्या रुग्णाच्या सहलीचा विचारही या दोन बाबींपासून सुरू व्हावा.

पहिल्या काही महिन्यांत मद्य हमखास असेल अशी सहल टाळावी, हे आमचे स्पष्ट मत आहे. श्रावणापूर्वीची तथाकथित गटारी, एकतीस डिसेंबर आणि मित्रांची शेतघरावरील रात्र ही तिन्ही निमित्ते या सदरात येतात. (ती अमावास्या वस्तुतः दीपपूजनाची, तिला हे नाव कोणी चिकटवले, देव जाणे.) लग्नासारखे कार्य टाळता येत नाही. तेथे कार्यास जावे, आदल्या रात्रीच्या मैफलीस जाऊ नये. गोव्यात मद्यावरील कर तुलनेने कमी, म्हणून दुकाने पावलोपावली. तेथे समुद्रकिनाऱ्याच्या गजबजीपासून दूर, कुटुंबासह उतरलेले बरे.

जावयाचे ठरले की हिशेबापासून सुरुवात करावी. हा आमचा व्यवसायदोष म्हणा हवे तर! सहलीची वर्गणी समान काढली की न पिणाऱ्याच्या डोक्यावर इतरांच्या बाटल्यांचा खर्च बसतो. मग 'पैसे दिलेच आहेत' हा विचार तिसऱ्या दिवशी हळूच डोके वर काढतो. यास्तव मद्याचा खर्च 'तुझे तू, माझे मी' या न्यायाने वेगळा ठेवण्यास निघण्यापूर्वीच सांगावे. त्या निमित्ताने आपण घेणार नाही हे सर्वांस आपोआप कळते आणि तेथे पोहोचल्यावर वेगळी घोषणा करावी लागत नाही. खोलीचेही तसेच. ज्या खोलीत मैफल जमणार ती आपली नसावी, आणि आपल्या खोलीची किल्ली आपल्याच खिशात असावी.

न पिणाऱ्यास वाहनचालक नेमण्याची पद्धत आहे. कायद्याच्या दृष्टीने ती उत्तमच. रक्तात शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असताना वाहन चालविणे हा गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. चालकाला आग्रहही कमी होतो. परंतु नुकत्याच सावरलेल्या रुग्णावर हे काम लादणे आम्हांस पसंत नाही, कारण शेवटचा मनुष्य उठेपर्यंत त्याला तेथेच तिष्ठत बसावे लागते. त्याला हवे तेव्हा उठता आले पाहिजे. परतीचे तिकीट किंवा स्वतंत्र वाहन ही त्याची खरी सोय.

नकार कसा द्यावा, याचा धडा आपल्या संस्कृतीत आहेच. ज्याने तुळशीची माळ घातली आहे, त्याला कोणी मद्याचा आग्रह करीत नाही. 'माळकरी आहे' एवढे दोन शब्द पुरतात. तो कारणे देत नाही, दिलगिरीही दाखवीत नाही. माळ न घातलेल्याने खोटी माळ सांगू नये, पण त्या नकाराचा आटोपशीरपणा उचलण्यासारखा आहे. 'डॉक्टरांनी बंद केली आहे, मी लिंबू सरबत घेतो' हे खरे आहे आणि पुरेसेही. लांबलचक स्पष्टीकरण दिले की समोरचा त्यातील फट शोधू लागतो. हातात आपला पेला आधीपासून भरलेला असावा आणि तो आपणच भरलेला असावा. अल्कोहोलविरहित म्हणून मिळणारी बिअर मात्र घेऊ नये. तिची चव व वास जुनी सांगड जागी करतात.

एवढे करूनही तलफ येईल. ती चढते, शिखर गाठते आणि तिला खतपाणी न घातल्यास बहुधा अर्ध्या तासात ओसरू लागते. तेवढा वेळ जागा बदलावी, पोटभर खावे, दूरध्वनी करावा. कोणाला करावयाचा ते निघण्यापूर्वी ठरवून, त्या व्यक्तीस तशी कल्पना देऊन ठेवावी. मोठ्या शहरांत अनामिक मद्यपींच्या गटांच्या सभा भरतात. मुक्कामाच्या गावी सभा आहे का, याची आधी चौकशी करता येते. राष्ट्रीय व्यसनमुक्ती साहाय्य क्रमांक १४४४६ हाही रुग्णाने व सोबत्याने लक्षात ठेवावा.

आता दोन वैद्यकीय सूचना, ज्यांच्याबाबत हयगय महागात पडते. काही रुग्णांस डायसल्फिराम हे औषध दिलेले असते. ते घेत असताना मद्य पोटात गेल्यास चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड, रक्तदाब एकदम खाली येणे असे प्रकार घडतात आणि क्वचित जिवावर बेतते. गोळी थांबविल्यानंतरही तिचा प्रभाव दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. म्हणून 'सहलीपुरत्या गोळ्या बंद' हा हिशेब चुकीचा ठरतो. ही गोळी रुग्णाच्या नकळत भाजीत कालवणे हे त्याहून घातक. ते कोणीही करू नये. प्रवासाच्या औषधपेटीतही लक्ष घालावे. खोकल्याच्या काही औषधांत, तसेच द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारख्या आसव-अरिष्टांत अल्कोहोल असते. नाताळच्या दिवसांत गोव्यात मिळणाऱ्या केकमध्येही रम असू शकते.

दुसरी सूचना अद्याप रोज पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी. 'देवदर्शनाला नेतो, चार दिवसांत आपोआप सुटेल' असा बेत अनेक घरांत सद्भावनेने आखला जातो. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याचे मद्य एकाएकी थांबल्यास सहा ते अठ्ठेचाळीस तासांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, भास, तीव्र थरथर व ताप अशी जीवघेणी अवस्था ओढवू शकते. घाटातील धर्मशाळा ही त्यासाठी योग्य जागा नव्हे. आधी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मद्य सुटावे, मग दर्शन. प्रवासात अशी लक्षणे दिसलीच तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

सोबत जाणाऱ्यांविषयी लिहिणे सर्वांत कठीण आहे, कारण ते आमचे रुग्ण नव्हेत. त्यांनी सर्वांनी मद्य वर्ज्य करावे अशी अपेक्षा करता येत नाही. मात्र पहिली संध्याकाळ तरी सर्वांची एकत्र, बाटलीविना जावी, एवढे मागणे अवाजवी नाही. 'एकाने काय होते?' हे वाक्य कोणी उच्चारू नये आणि त्याला बाटल्या आणावयास पाठवू नये. रुग्णाच्या पत्नीनेही सहलभर पहारेकऱ्याची भूमिका घेऊ नये. दर तासाला तोंडाचा वास घेणारी सोबत आणि एकटेपण यांत रुग्णाला फारसा फरक वाटत नाही.

आणि पाऊल घसरलेच तर? एका पेल्यानंतर 'आता सगळेच संपले' या भावनेने माणूस उरलेली बाटली संपवितो. खरे नुकसान बहुधा तेथे होते. पेला खाली ठेवून त्याच रात्री ठरलेल्या माणसाला दूरध्वनी करावा. डायसल्फिराम चालू असेल तर लक्षणांची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे. घरच्यांनी जाबजबाब मागू नये. परतल्यावर पहिल्याच बाह्यरुग्ण दिवशी रुग्णाला घेऊन यावे, सहल निर्विघ्न पार पडली असली तरीही. कारण कित्येकांना तलफ येते ती घरी परतल्यावर, सामान आवरून झाल्याच्या रिकाम्या संध्याकाळी, आणि 'गोव्याहून कोरडे आलो' या समाधानात तिच्याकडे लक्ष देण्याचे राहून जाते.