अतिआत्मविश्वास, शेअर-गुंतवणुकीतील
स्वतःचे ज्ञान व अंदाजशक्ती वास्तवाहून अधिक मानण्याची गुंतवणूकदाराची प्रवृत्ती. व्यक्तिविशेषांशी तिचा संबंध ब्रॅड बार्बर व टेरन्स ओडीन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखविला. १९९१–९७ या काळातील, एका दलालपेढीच्या ३५,००० हून अधिक कुटुंबांची खाती त्यांनी तपासली. पुरुषांची उलाढाल स्त्रियांपेक्षा ४५ टक्के अधिक होती. अविवाहितांत ही तफावत ६७ टक्के आढळली, कारण विवाहितांत एकाच्या मताची छाया दुसऱ्यावर पडते. वर्षारंभीचे शेअर तसेच ठेवण्याच्या तुलनेत पुरुषांचा वार्षिक निव्वळ परतावा २·६५, तर स्त्रियांचा १·७२ टक्के-बिंदूंनी घटला. पुरुषांची निवड अधिक वाईट नव्हती; वारंवार खरेदी-विक्रीचा खर्च त्यांना भोवला. मात्र येथे आत्मविश्वास प्रत्यक्ष मोजलेला नसून लिंग हे त्याचे केवळ स्थूल दर्शक मानले आहे.