मेंढ्याचा बांबू

(उद्योजक म्हणजे केवळ मोठा कारखानदार नव्हे. एक संपूर्ण गावही उद्योजक होऊ शकते. गडचिरोली जिल्ह्यातील अशा एका गावाची माहिती या पाठात दिली आहे.)

चंद्रपूर आणि गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्वेकडील दाट जंगलांचे जिल्हे. येथे साग, मोह, तेंदू आणि बांबू विपुल आहेत. बांबूपासून सुपे, टोपल्या आणि ताटवे बनतात. कागद तयार करण्यासाठीही बांबू लागतो. परंतु जंगलात राहणाऱ्या लोकांचा या बांबूवर बरीच वर्षे हक्क नव्हता. ते बांबू तोडणारे मजूर होते, मालक नव्हते.

धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड आदिवासींचे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही या गावाची घोषणा प्रसिद्ध आहे. ग्रामसभेत स्त्रिया व पुरुष एकत्र बसतात. तेथे बहुमताने नव्हे, तर सर्वांच्या संमतीने निर्णय होतात. एकाचा जरी विरोध असला, तरी पुन्हा चर्चा होते.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. त्यात बांबूला गौण वनोपज मानले गेले. २००९ साली मेंढा गावाला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण अडचण संपली नाही. बांबू बाहेर नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो. हा परवाना कोणी द्यायचा, ग्रामसभेने की वनविभागाने, यावर वाद झाला. जो बांबू गावाबाहेर नेताच येत नाही, तो विकत कोण घेणार? हक्क कागदावर होता, हातात नव्हता.

गावकऱ्यांनी धीर सोडला नाही. कायदा समजून घेण्यासाठी गावात अभ्यासगट होता. देवाजी तोफा व त्यांचे सहकारी शांतपणे, कायद्याच्या आधारे आपली मागणी मांडत राहिले. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले. त्यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. मजुरांचे गाव आता विक्रेते झाले.

स्वातंत्र्याबरोबर जबाबदारीही आली. सगळा बांबू एकाच वर्षी तोडला, तर पैसा पुष्कळ मिळेल. पण पुढच्या वर्षी काय? बांबूच्या बेटात दर पावसाळ्यात नवे कोंब फुटतात. ते कोवळे बांबू राखून पक्के बांबूच तोडले, तर बेट टिकते. पैशाचेही तसेच आहे. एकाने गुपचूप व्यवहार केला, तर सगळ्या गावाचा विश्वास उडतो. म्हणून जमाखर्च ग्रामसभेपुढे उघडपणे मांडावा लागतो.

कोणाच्या मेहेरबानीवर न जगणे म्हणजे स्वातंत्र्य. परंतु ज्याच्यावर दुसऱ्याचा वचक नसतो, त्याने स्वतःवर वचक ठेवावा लागतो. दुकान लहान असो वा कारखाना मोठा, हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे.

शब्दार्थ
विपुल – पुष्कळ
संमती – होकार, मान्यता
गौण वनोपज – लाकडाव्यतिरिक्त जंगलातून मिळणाऱ्या वस्तू
बेट – एकत्र वाढलेल्या बांबूंचा समूह
वचक – धाक

प्रश्न
१. हक्क मिळूनही गावाला बांबू का विकता येईना?
२. कोवळे बांबू का राखावे लागतात?
३. 'स्वतःवर वचक ठेवणे' म्हणजे काय? तुमच्या परिसरातील एक उदाहरण द्या.