मीनाकाम : पत्रा किती जाड?
जयपुरी मीनाकामात चमक रंगाइतकीच खालच्या धातूची असते. मीना म्हणजे रंगीत काच. तिच्यातून आत गेलेला प्रकाश कोरलेल्या सोन्यावरून परततो. चांदीवरही हेच घडते. परंतु कोरले की पत्रा पातळ होतो : १ मिमीमधून ०.३ मिमी कोरले, तर तळाशी ०.७ मिमीच उरते. भट्टीतून काढल्यावर निवताना धातू काचेपेक्षा अधिक आकसतो; तळ पातळ असेल तर तो वाकतो आणि मीना तडकतो. आईच्या पैंजणांची चांदी आटवून मी पहिले पदक केले, काटकसरीने ०.५ मिमी पत्र्याचे. त्याला तडा गेला. आता मी कोरीव खोली आधी वजा करतो, मग जाडी ठरवतो. आणि ताण सारखा राहावा म्हणून मागील बाजूसही मीना भरतो.