पाठीवरचे मचाण

'शिकार' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पाणवठ्याकाठचे मचाण उभे राहते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ची दुरुस्ती यांमुळे भारतात हौसेची शिकार बंद झाली. मचाण उरले ते बुद्धपौर्णिमेच्या रात्री प्राण्यांची नोंद करणाऱ्यांपुरते. अमेरिकेत मात्र पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात आजही केली जाते. मिशिगन राज्यात धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. तेथील धनुर्धाऱ्यांमध्ये गेल्या काही वर्षांत 'ट्री सॅडल'चा मोठा प्रसार झाला आहे. मचाण झाडावर न ठेवता पाठीवर वाहून नेण्याचीच ही पद्धत होय.

सॅडल म्हणजे गिर्यारोहकाच्या हार्नेसशी नाते सांगणारी कापडी झोळी. वजन साधारण एक-दीड किलो. शिकारी झाडाकडे तोंड करून, खोडाला बांधलेल्या दोराच्या आधाराने तीत रेलून बसतो. पायांखाली खोडाला आवळलेला छोटा धातूचा प्लॅटफॉर्म असतो आणि वर चढण्यासाठी तीन-चार सुट्या शिड्या, म्हणजे 'क्लाइम्बिंग स्टिक'. सार्वजनिक जंगलात माणसांची वर्दळ वाढली की हरणे वाटा बदलतात. त्यामुळे रोज नवे झाड शोधावे लागते. शिवाय तेथील राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांत झाडांना खिळे वा स्क्रू ठोकण्यास मनाई आहे. म्हणून सारे सामान पट्ट्यांनी बांधायचे, सोडायचे आणि परत न्यायचे.

खरी कसोटी लागते ती या सामानाच्या मांडणीत. चढाई बहुधा पहाटेच्या काळोखात होते. कोणती वस्तू कोठे आहे हे हातालाच ठाऊक असावे लागते. म्हणून सामान भरण्याचा क्रम वापराच्या क्रमावरून ठरतो. झाडाशी पोहोचताच लागणारा कमरेचा दोर सॅडलच्या एका बाजूच्या पिशवीत, तर वर गेल्यावर बांधायचा मुख्य दोर दुसऱ्या बाजूला. शिड्या एकमेकींत बसवून पाठपिशवीच्या बाहेर आवळल्या जातात, प्लॅटफॉर्म त्यांच्यालगत. पाणी, खाऊ, बॅटरी यांसारख्या शेवटी लागणाऱ्या वस्तू आत. जाड कपडे अंगात घालून चालल्यास घाम येतो आणि वर स्थिर बसल्यावर तोच गारठवतो. त्यामुळे तेही बांधूनच न्यावेत.

दुसरा शत्रू आवाज. धातूवर धातू आपटल्याचा खणखणाट शांत जंगलात दूरवर जातो. त्यावर उपाय म्हणून शिड्यांच्या कडांना कापडी पट्टी चिकटवतात, बकले घट्ट बांधतात आणि निघण्यापूर्वी पिशवी हलवून कानोसा घेतात.

मात्र नीटनेटकेपणाचा खरा संबंध जिवाशी आहे. अमेरिकेत हरणांच्या शिकाऱ्यांना होणाऱ्या गंभीर दुखापतींचे एक प्रमुख कारण झाडावरून पडणे हेच आहे. म्हणून जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत कमरेचा दोर खोडाभोवती असावा. प्लॅटफॉर्मवर पोहोचल्यावर आधी मुख्य दोर साधारण डोक्याच्या उंचीवर बांधून सॅडलला जोडावा, त्यावर भार देऊन पाहावा आणि मगच कमरेचा दोर सोडावा. हा दोर पिशवीच्या तळाशी राहिला, तर तो शोधण्याच्या घाईत चूक होण्याची शक्यता सर्वाधिक. मुख्य दोर ढिला ठेवू नये. पाय घसरल्यास बसणारा हिसका त्यावरच अवलंबून असतो. धनुष्य हातात घेऊन कधीही चढू नये. ते पातळ दोरीने मागाहून वर ओढून घ्यावे.

नवशिक्याने ही सारी उजळणी आधी दिवसाउजेडी, जमिनीपासून हात-दोन हात उंचीवर करावी, सोबत कोणी असावे आणि आपण कोणत्या झाडावर आहोत हे घरी सांगून ठेवावे, असा जाणकारांचा सल्ला असतो. हरीण दिसो वा न दिसो, संध्याकाळी शिकारी धड घरी परतणे महत्त्वाचे. आणि त्याची तयारी पिशवी भरतानाच होते.